टाकी रिकामी, पण पेट्रोल आत जाईना!

एका रिकाम्या बाटलीच्या तोंडात बारीक नळीचे नरसाळे बसवा. भोवतालची फट कणकेने घट्ट बुजवून नरसाळ्यात पाणी ओता. थोडे पाणी आत जाईल, बाकीचे वरच तुंबेल. कारण बाटली रिकामी नाहीच. ती हवेने भरलेली आहे! कणकेला दाभणाने आरपार भोक पाडा. हवा निसटेल आणि पाणी उतरू लागेल.

जुन्या व्हॅनचे दुखणे पुष्कळदा हेच असते. १९७९ साली जर्मनीत निघालेल्या फोक्सवॅगन टी-३ व्हॅनची टाकी पुढच्या आसनांखाली असते. तिच्यातील हवा नळ्यांवाटे पुढच्या चाकांजवळच्या दोन लहान टाक्यांकडे जाते. या नळ्या चेपल्या किंवा तुंबल्या की हवा कोंडते आणि पेट्रोल भरण्याच्या नळीत वर चढते. पंपाच्या तोटीच्या टोकाशी एक छिद्र असते. ते पेट्रोलाने झाकले गेले की तोटी 'खट्' करून मिटते. टाकी भरली की नुसती हवा अडली, हे तिला कसे कळावे?

याची दुसरी बाजूही पाहा. इंजिन पेट्रोल ओढत असते, पण त्याच्या जागी हवा आत आली नाही तर टाकीतील दाब घटतो आणि गाडी आचके देत थांबते. झाकण सैल करताच 'फुस्स' आवाज होऊन गाडी पुन्हा सुरळीत चालू लागली, तर हवेची वाट बंद आहे असे समजा. मात्र उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर पडतानाही असाच आवाज येतो. म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नका.

प्रयोग पाण्यावरच करा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. व्हॅनच्या नळ्या मेकॅनिकलाच तपासू द्या.