कचरा डेपोशेजारचं बोअर: पाणी तपासायला नेमका किती खर्च?

बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला, बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसू लागला, की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो, "तपासायला किती घेतात?" फुकटापासून लाखापर्यंत काहीही, हे त्याचं खरं उत्तर. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे रहिवासी कचरा डेपोमुळे विहिरी नासल्याची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. मुंबईत देवनार, नागपुरात भांडेवाडी, आणि बहुतेक प्रत्येक नगरपालिकेच्या वेशीबाहेर असा एखादा ढीग आहेच. त्याच्या आसपास राहणाऱ्यांनी पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, त्याचा हा हिशोब. आधीच सांगतो, पैसे वाया जातात ते लॅबमध्ये कमी आणि बाटली भरताना जास्त.

पहिला खर्च दहा रुपयांचा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमीच्या, म्हणजे कचरा डेपोच्या, हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासण्याचं बंधन घातलं. भरावभूमी सुरू करण्याआधीच्या पाण्याची नोंद ठेवणंही त्यात आलं. म्हणजे हे काम मुळात तुमचं नाही. महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांकडेही माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, झेरॉक्सचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. 'भूजल प्रदूषणाची माहिती द्यावी' असं मोघम लिहाल तर उत्तरही मोघमच येईल. निरीक्षण विहिरी किती, त्यांची जागा आणि खोली काय, गेल्या पाच वर्षांतले प्रत्येक नमुन्याचे प्रयोगशाळा अहवाल, असं मुद्देसूद मागा. अहवाल आले तर निम्मं काम झालं. 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, पुढे तक्रारीला जोडायला तेच उपयोगी पडतं.

गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक स्रोतांचे नमुने घेतोच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा सामान्य माणसालाही सरकारी दरात साध्या रासायनिक आणि जैविक तपासण्या करून देतात आणि खासगीच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो. एक गैरसमज मात्र काढून टाका. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं, लाल कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता आणि साथीच्या रोगांचा धोका सांगतं. कार्ड हिरवं आहे म्हणून डेपोतून झिरपणारं काळं पाणी, ज्याला इंजिनियर लोक लिचेट म्हणतात, ते बोअरमध्ये आलं नाही असं होत नाही.

खासगी लॅबकडे जायचंच ठरलं तर 'पूर्ण आयएस १०५०० करून घ्या' या सल्ल्याला लगेच भुलू नका. पिण्याच्या पाण्याच्या या भारतीय मानकातली सगळी यादी तपासायची तर एका नमुन्याला साधारण आठ ते पंधरा हजार रुपये मोजावे लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा कचऱ्याशी काडीचा संबंध नसतो. लिचेटची ओळख पटवणारे घटक थोडे आहेत: टीडीएस (विरघळलेले क्षार), क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), कठीणपणा, लोह, मँगनीज आणि पोटॅशियम. एवढा गट दोन ते साडेतीन हजारांत होतो. यातला क्लोराइड सर्वांत कामाचा, कारण तो मातीला किंवा खडकाला चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, पण एकट्या नायट्रेटवरून डेपोला दोष देऊ नका. शेतातला युरिया आणि शेजारचा शोषखड्डासुद्धा नायट्रेट वाढवतात. क्लोराइड, अमोनिया आणि पोटॅशियम एकत्र चढलेले दिसले, तर मात्र संशय घ्यायला जागा आहे.

जड धातू वेगळे आकारले जातात, धातूमागे तीनशे ते आठशे रुपये. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा हे सहा पुरेत. इथे कोटेशनमध्ये एक ओळ नीट पाहा: लॅबचं यंत्र किती कमी प्रमाण मोजू शकतं? शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि कॅडमियमची ०.००३. लॅबची मोजण्याची खालची सीमाच ०.०५ असेल, तर अहवालात 'बीडीएल', म्हणजे मोजण्याच्या सीमेखाली, असं छापून येतं आणि वाचणारा सुटकेचा निश्वास टाकतो. प्रत्यक्षात शिसं मर्यादेच्या चौपट असलं तरी त्या कागदावर बीडीएलच येईल. अशा तपासणीला एक रुपयाही देऊ नका.

नमुना घेणाऱ्याचे एका फेरीला एक ते तीन हजार पडतात, आणि 'आम्हीच बाटलीत भरून आणतो' म्हणून लोक ते वाचवतात. मला ही काटकसर परवडणारी वाटत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या बोअरच्या पाइपात साचलेलं पाणी जमिनीतल्या पाण्याचं प्रतिनिधी नसतं. आधी ते उपसून टाकावं लागतं, आणि रूढ नियम आहे तीन पट उपसण्याचा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाणी १५ मीटरवर असेल तर उभं पाणी ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ ८०० लिटर. त्याच्या तिप्पट २४०० लिटर. तासाला दीड हजार लिटर देणारी मोटर असेल तर दीड तासाहून थोडं जास्त चालवावी लागेल. रोज वापरात असलेल्या बोअरला एवढं लागत नाही. डेपोवरच्या दोन इंची निरीक्षण विहिरीत मीटरला जेमतेम दोन लिटर असतं, तिथे मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर अशा संथ गतीने उपसण्याची पद्धतही वापरतात, म्हणजे तळाचा गाळ ढवळला जात नाही.

उपसा चालू असताना दर पाच मिनिटांनी पीएच आणि विद्युतवाहकता मोजायची. लागोपाठ तीन वेळा पीएच ०.१ च्या आत आणि वाहकता तीन टक्क्यांच्या आत राहिली की बाटली भरायची, आधी नाही. नमुना घ्यायला आलेला मुलगा मीटर न काढता थेट नळाखाली बाटली धरू लागला तर त्याला थांबवा. नमुना बोअरच्या तोंडाशीच घ्यायचा. गच्चीवरच्या टाकीतून, आरओनंतर किंवा ब्लिचिंग पावडर टाकल्यावर घेतलेला नमुना टाकीचं आणि पाइपाचं पाणी सांगतो. धातूंसाठीची बाटली वेगळी, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल टाकलेलं. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये. तेल किंवा सॉल्व्हंटचा संशय असेल तर काचेची छोटी कुपी काठोकाठ भरून, आत एकही बुडबुडा न ठेवता. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत कुणाच्या फ्रिजमध्ये पडून राहणार असेल तर तो न घेतलेला बरा.

नमुने किती ठिकाणी घ्यायचे? एका बोअरच्या अहवालावरून काही सिद्ध होत नाही. आपल्याकडचा बहुतेक खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाट काढतं, म्हणून डेपोच्या भिंतीला लागून असलेलं बोअर चांगलं आणि अर्धा किलोमीटरवरचं नासलेलं, असं घडू शकतं. उताराच्या वरच्या अंगाचं, डेपोचा परिणाम नसलेलं एक बोअर तुलनेला हवंच. आधी पाचशे-हजाराचा पेनसारखा टीडीएस मीटर घेऊन परिसरातली सगळी बोअर फिरा, आकडे नकाशावर मांडा आणि मग महागड्या तपासणीसाठी तीन जागा निवडा. एवढ्या स्वस्तात इतकी माहिती देणारं दुसरं काही नाही.

आता बेरीज. तीन जागा धरू, प्रत्येकी लिचेटचा गट ३,०००, सहा धातू ३,०००, जंतू ६००. एका जागेचे ६,६००, तिन्हींचे १९,८००. नमुना घेण्याच्या फेरीचे ३,०००. त्यातच एका बोअरचा दुसरा नमुना लॅबला न सांगता वेगळ्या नावाने द्या (३,०००) आणि जागेवर शुद्ध पाणी भरलेली एक बाटली धातूंसाठी पाठवा (३,०००). पहिल्याने लॅबची सचोटी कळते, दुसऱ्याने बाटल्यांची. झाले २८,८००. वर १८ टक्के जीएसटी, एकूण सुमारे ३४ हजार. मे आणि ऑक्टोबर अशा दोन फेऱ्या केल्या तर वर्षाला ६८ हजार, शंभर फ्लॅटच्या सोसायटीत घरटी ६८० रुपये. हे दर अंदाजाचे आहेत, तीन लॅबची कोटेशन मागवा आणि घासाघीस करा. पण पडताळणीच्या त्या दोन बाटल्या कमी करून सवलत मागू नका. लॅबचं एनएबीएल मान्यतेचं प्रमाणपत्र बघताना त्याच्या यादीत तुमचा नेमका घटक आहे का, तेही तपासा.

स्वतःची निरीक्षण विहीर खणायचा विचार असेल तर थोडं थांबा. बोअर मारणाऱ्याला फोन केला की तो फुटावर दर सांगतो, पण तो साध्या बोअरचा असतो. निरीक्षण विहिरीत ठरावीक थरातच जाळीचा पाइप, भोवती गाळणीची खडी आणि वर बेंटोनाइट मातीने पक्कं सीलबंद तोंड लागतं, म्हणून खर्च साध्या बोअरच्या दुप्पट-तिप्पट होतो. सील नीट नसेल तर वरच्या थरातलं घाण पाणी त्याच भोकातून खालच्या चांगल्या पाण्यात उतरतं, म्हणजे आपणच प्रदूषणाला जिना बांधून द्यायचा. हा खर्च डेपो चालवणाऱ्यानेच करावा आणि तशी लेखी मागणी तुम्ही करावी. शेजाऱ्यांनी त्यात आपले पैसे घालायचं कारण नाही.

तुमच्या खासगी अहवालावर तक्रार उभी राहते, पण कारवाईसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्वतः नमुना घेतलेला बरा. त्या दिवशी हजर राहा, बाटलीवर सील आणि सह्या होताना पाहा आणि त्याच वेळी त्याच बोअरचा नमुना आपल्या लॅबलाही द्या. लॅबकडून अहवाल घेताना सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट हे सात आकडे मागा. धन आणि ऋण आयनांची बेरीज पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळली नाही, तर फेरतपासणी लॅबने स्वतःच्या खर्चाने करावी, ही अट वर्कऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि निम्मे पैसे अहवाल हातात आल्यावर द्या.