पोरगी तोंडावर हात का ठेवते?
(गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी पाठ : किशोरवयीन मुलांचे दात आणि मन)



या वेळचा पाठ दातांवर आहे आणि मनावरही आहे. दोन्ही एकाच पाठात कशाला, असं वाटेल. पण आधी एक गोष्ट ऐका. ही आपल्याच एका ताईच्या घरची आहे. ती म्हणाली, "गोष्ट सांगा, बाकीच्यांच्या कामी पडेल. नाव तेवढं नका टाकू."

या ताईची मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि अकरावीला नागपूरला, जरीपटक्याला मावशीकडे राहायला गेली. दिवाळीनंतर मावशीचा फोन आला, "ताई, पोरगी काही बोलून नाही राहिली. धड जेवत नाही. हसली तरी तोंडावर हात ठेवते. सकाळी उठवलं तर उठत नाही." ताईला वाटलं, शहराची हवा लागली. दोन दिवसांनी ती गेली. मुलगी जवळ आली तर तोंडाला वास. ताई सरळ बोलली, "एवढी घोडी झाली, दात घासायची अक्कल नाही?"

मुलगी रडायला लागली. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात बोलली. तिच्या समोरच्या दातांवर लहानपणापासून पिवळे-तपकिरी डाग आहेत. गावात निम्म्या पोरांचे दात तसेच, म्हणून कधी कोणी काही म्हटलं नाही. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तू खर्रा खाते का?" वर्ग हसला. त्या दिवसापासून हिने वर्गात तोंड उघडलं नाही. मग कॉलेजलाच जाऊ वाटेना. मग सकाळी उठू वाटेना, आरशासमोर उभं राहू वाटेना, ब्रश हातात घेऊ वाटेना. मग दाढ दुखायला लागली. मावशीला खर्चात कशाला पाडायचं म्हणून तेही सांगितलं नाही. रात्र रात्र एका कुशीवर गाल दाबून पडायची.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

आता सांगा, या पोरीला दुखणं कशाचं होतं? दाताचं की मनाचं?

डाग तिच्या चुकीचे नव्हते

आधी डागांचं समजून घेऊ. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही भागांत बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्यालायक धरत नाहीत. पक्के दात हिरडीच्या आत तयार होतात ते साधारण आठ वर्षांच्या आत. त्या वयात असं पाणी पोटात गेलं की दाताचं वरचं कवच बिघडतं आणि दात बाहेर येतो तोच डाग घेऊन. याला फ्लोरोसिस म्हणतात.

म्हणजे हे डाग घाणीचे नाहीत, खर्ऱ्याचे नाहीत आणि कितीही घासले तरी जात नाहीत. राखेने किंवा विटेच्या भुकटीने घासून काही पोरं दाताचं उरलेलं कवचही झिजवून टाकतात. डाग झाकायचा उपाय दाताच्या डॉक्टरकडे असतो. मुलांना हे कोणी सांगत नाही आणि ती समजतात, आपल्यातच काही खोट आहे.

मनाकडून दाताकडे

किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं. या वयात मनाच्या दुखण्याची सुरुवात जास्त होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत पाहणी केली. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत शंभरात सात जणांना मनाचा काही ना काही आजार आढळला. तुमच्या गावच्या शाळेत या वयाची दोनशे मुलं असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

मन खचलं की तोंडाचं काय होतं ते पाहा :

१. स्वतःची काळजी घ्यावीशी वाटत नाही. आंघोळ, वेणीफणी, दात घासणं हे सगळ्यात आधी सुटतं. आपण त्याला आळस म्हणतो.

२. जेवण सुटतं आणि बिस्किटं, चॉकलेट, गोड चहा, थंडाची बाटली वाढते. दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात राहिलं की दात किडतात.

३. ताणाने काही मुलं झोपेत दात खातात. आपल्याकडे लगेच म्हणतात, पोटात जंत झाले. पण सकाळी जबडा दुखतो, कानशील ठणकतं, दात झिजलेले दिसतात, तर मनावर काही ओझं आहे का तेही विचारा.

४. सतत काळजीत असलं तर शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते. हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येतं, तोंड येतं.

५. काही मुली जाड होऊ या भीतीने जेवून झाल्यावर मुद्दाम उलटी करतात. पोटातलं आंबट पाणी वरच्या दातांची आतली बाजू खातं. हे बरेचदा दाताच्या डॉक्टरलाच आधी दिसतं. उलटी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावं. आणि अशा मुलीला मनाच्या डॉक्टरची गरज असते, हे लक्षात ठेवावं.

६. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड लवकर लागते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. पाणी थोडं थोडं पीत राहायचं आणि डॉक्टरला सांगायचं.

दाताकडून मनाकडे

आता उलटी वाट. दाढ ठणकते ती रात्री. झोप झाली नाही की पोरगं चिडतं, अभ्यासात डोकं लागत नाही, शाळा बुडते. आपण म्हणतो, "अंगात आलं याच्या." एका बाजूने चावायचं म्हणून पोळी-भाजी सोडून मऊ मऊ खातं, अंगात रक्त राहत नाही, अजून गळून जातं.

वेडेवाकडे दात, पुढे आलेले दात, खेळताना तुटलेला समोरचा दात, डाग, तोंडाचा वास, या सगळ्यांवरून पोरं एकमेकांना नावं ठेवतात. या वयात चारचौघांत हसं होणं म्हणजे जीव जाण्यासारखंच वाटतं. मुलींच्या बाबतीत घरचेही भर घालतात : "असे दात घेऊन कोण पत्करेल हिला?" आपण सहज बोलून जातो आणि ती ते वर्षानुवर्षं मनात धरून ठेवते.

दात मनाला ओढतो, मन दाताला ओढतं. ताईच्या पोरीचं तेच झालं. कुठून सुरू झालं ते महत्त्वाचं नाही. मध्ये कोणीतरी हात घालून थांबवणं महत्त्वाचं.

खर्ऱ्याचं खरं बोलू

विदर्भात हा विषय खर्ऱ्याशिवाय पुरा होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा आठवी-नववीतली पोरं खाताना आपण बघतो. पोरं का खातात? दोस्तांमुळे खातात, हे खरं. पण विचारलं तर सांगतात, "टेन्शन जाते," "भूक लागत नाही," "दाढ दुखली की बरं वाटते." म्हणजे इथेही मन आणि दात एकत्रच आहेत.

सुपारी नुसती खाल्ली तरी कॅन्सरला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होते, तिखट सहन होत नाही, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. घरच्या घरी बघता येतं : मुलाला त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नका.

१८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा पदार्थ विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं, दोन्ही २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रामसंघाने ठराव करून पानठेल्यावर जायला हरकत नाही. पण मैत्रिणींनो, आपल्यातल्याही काही जणी सकाळी गुडाखू लावतात, तेव्हा पोरगं बघत असतं. त्याला सांगायच्या आधी आपल्याला सोडावं लागेल.

काय बोलायचं, काय नाही

"दात घास, घाण कुठली" म्हटल्याने पोरगं दात घासत नाही, फक्त आपल्यापासून लांब जातं. त्याऐवजी जवळ बसा. दोघं सोबत काम करत असताना विचारा, भाजी निवडताना, गाडीवर जाताना. नजरेला नजर नसली की पोरं मोकळी बोलतात.

"काही दुखतं का बाळा? खाताना त्रास होतो?" इथून सुरू करा. दाताचं विचारणं सोपं आहे, त्यात लाज नाही. मग पुढे जा : "झोप लागते का? शाळेत कोणी काही बोलतं का?" उत्तर आलं की लगेच उपदेश करू नका. आधी पुरतं ऐका.

पोरगं "मला जगावंसं वाटत नाही" असं बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातलं औषध-फवारणीचं विष कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

मदत कुठे मिळते

दातासाठी : तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर आहेत का ते आशाताईला विचारा. नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातही तपासतं. त्या दिवशी पोराला शाळेत नक्की पाठवा.

मनासाठी : १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. किशोरांसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं. आणि उत्तर नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

ताईची बहीण जरीपटक्याला राहते, म्हणजे हे रुग्णालय तिला जवळच. पण तिथलं नाव निघताच ताई घाबरली. लोक त्याला पागलखाना म्हणतात ना! पोरीच्या लग्नाला आडवं येईल, असं तिला वाटलं. मग मावशीने आधी १४४१६ ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पोरीशी अर्धा तास बोलून घेतलं आणि समजावलं की बाह्यरुग्ण विभागात बोलायला येणारी सगळीच माणसं भरती होत नाहीत, बहुतेक जण बोलून, औषध घेऊन घरी जातात.

आधी दाढ भरून घेतली. त्या रात्री पोरगी कितीतरी दिवसांनी सलग झोपली. मग दोनदा समुपदेशन झालं. डागांचं काम अजून बाकी आहे. ती परत कॉलेजला जाते. हसताना हात अजूनही कधी कधी तोंडाकडे जातो. ताई म्हणते, "जाऊ दे, आता मी टोकत नाही. हात खाली येईल तेव्हा येईल."

बैठकीत यावर बोला

१. आपल्या गटातल्या किती जणींनी गेल्या वर्षात मुलांचे दात डॉक्टरला दाखवले?

२. दाढ भरायला थोडे पैसे लागतात. तीच दाढ सडू दिली तर जास्त लागतात. मुलांच्या दातांसाठी गटातून अंतर्गत कर्ज देताना आपण "हे काय कारण झालं?" म्हणतो का?

३. गावच्या पाण्याची फ्लोराइड तपासणी कधी झाली? ग्रामपंचायतीला विचारायला कोण जाईल?

४. दातांवरून, रंगावरून, अंगावरून आपण स्वतः मुलांना काय काय बोलतो? प्रत्येकीने एक वाक्य आठवून सांगा, जे आता बोलायचं नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करा : घरातल्या मुलांसोबत रात्री झोपायच्या आधी स्वतःही दात घासा. दोन मिनिटं सोबत उभं राहा. आणि चूळ भरून झाली की सहज विचारा, "आज कसा गेला दिवस?"