तुतीवरील पिठ्या ढेकूण

उन्हाळ्याच्या दिवसांत तुतीचे शेंडे आखडू लागतात, पाने सुरकुतून गर्द हिरवी होतात व फांदी वाढावयाची थांबते. या विकारास तुक्रा म्हणतात. आमच्या बागेत तो प्रथम दिसला तेव्हा पाणी कमी पडत असावे असे समजून आम्ही पाण्याच्या दोन पाळ्या अधिक दिल्या. त्या अर्थातच व्यर्थ गेल्या. कारण हा जमिनीचा किंवा पाण्याचा दोष नसून गुलाबी पिठ्या ढेकूण या किडीचे कृत्य आहे. ती कोवळ्या शेंड्यातील रस शोषते, व तिच्या लाळेतील विषाने शेंडा वेडावाकडा होतो.

मादीस पंख नसतात. तिची लांबी सुमारे ३ मिलिमीटर, अंग गुलाबी व त्यावर पांढऱ्या मेणाची भुकटी असते. कापसासारख्या पिशवीत ती ३०० ते ५०० अंडी घालते. सुमारे आठवड्याने पिले बाहेर पडून वारा, मुंग्या व पाला तोडणाऱ्यांची वस्त्रे यांच्याद्वारे पसरतात. उष्ण दिवसांत महिन्याभरात एक पिढी पुरी होते. भेंडी, अंबाडी, जास्वंद व द्राक्ष यांवरही ही कीड राहते. सबब तुतीच्या बांधावर भेंडी लावण्याची हौस आवरलेली बरी.

इतर पिकांवर औषध फवारून मोकळे होता येते. तुतीचा पाला मात्र रेशमाच्या अळीच्या तोंडी जावयाचा असतो, तेव्हा ढेकणासाठी घातलेले विष कोषाचे पीकच बुडवील. म्हणून आखडलेले शेंडे कापून ते थेट पिशवीत भरावे आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम साबण विरघळवून त्यात बुडवावे, किंवा जाळून टाकावे. बांधावर फेकलेल्या शेंड्यांतून पिले पुन्हा बागेत येतात.

यापुढील काम क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्यावर सोपवावे. १८९८ साली तो ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात आणला गेला. त्याचे डोके तांबूस व पंख काळे असतात. एकरी २५० भुंगेरे सोडावे. भुंगेरा व त्याची अळी, दोघेही पिठ्या ढेकणावर व त्याच्या अंड्यांवर जगतात.

येथे आमच्या हातून मोठी चूक झाली. या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे झुपके असतात, त्यामुळे ती हुबेहूब ढेकणासारखी दिसते. पहिल्या वर्षी आम्ही मोठे ढेकूण समजून त्या अळ्या वेचून चिरडल्या आणि कीड का हटत नाही याचे नवल करीत बसलो! ओळख सोपी आहे. अळी ढेकणाच्या तिप्पट-चौपट लांब होते, आणि काडी लावताच चटचट चालू लागते. ढेकूण बहुधा जागचा हलत नाही, व चिरडल्यास गुलाबी रस निघतो.

भुंगेरे सोडल्यावर फवारणी करू नये. खोडाजवळच्या मुंग्यांचाही बंदोबस्त करावा. ढेकणाच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी त्या त्याची राखण करतात व भुंगेऱ्यास हुसकून लावतात.