गुळाचा रंग घालवू नका

शेतकरी बंधूंनो, दौंड-शिरूर भागात गुऱ्हाळे पेटली की काहिलीशेजारी हायड्रॉसचा डबा अनेकदा दिसतो. पिवळ्याधमक ढेपेला आडतीत बोली चढते. तुमची अडचण कळते. पण हा रंग टिकत नाही. साठवणीत हवा व ओल लागली की ढेप पुन्हा काळवंडते, गंधकाचा अंश मात्र आत राहतो.

उसाच्या रसात फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात. ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण असल्याने त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पांढऱ्या साखरेत ती जवळजवळ उरत नाहीत. गुळात उरतात, आणि त्याच्या तांबूसपणात त्यांचाही वाटा असतो.

रस निवळण्यास भेंडी पुरेशी आहे. हजार लिटर रसास साधारण 2 किलो भेंडीची हिरवी खोडे-मुळे ठेचून पाण्यात भिजवावीत व चोळून निघालेले बुळबुळीत पाणी रसात घालावे. मळी वर येताच काढावी; उकळी फुटल्यावर ती रसातच मिसळते. 118 अंश सेल्सिअसच्या सुमारास काहील उतरवावी. करपून आलेला काळेपणा हा दोषच. तो 'सेंद्रिय' म्हणून खपवू नये. तसेच मधुमेहींना हा गूळ औषध म्हणून विकू नये, कारण त्यातही बहुतांश साखरच असते.