आधी फोर्क, मग कनेक्शन

उकव्यात घरून काम करताना माझ्याकडे मॅंगनीज वाहतुकीच्या वजनकाट्याच्या नोंदींचा एक जुना पायथन प्रोग्राम दुरुस्तीला आला. महिनावार क्वेऱ्या एकामागून एक चालायला फार वेळ लागायचा, म्हणून आधीच्या कुणीतरी चार चाइल्ड प्रोसेस काढून काम वाटून दिलं होतं. कल्पना चांगलीच. पण पोस्टग्रेसचं कनेक्शन फोर्कच्या आधी उघडलेलं होतं, आणि सगळा घोळ तिथे होता.

लिनक्सवर फोर्क झाला की पालक प्रोसेसचं उघडं सॉकेट चाइल्डलाही मिळतं. सर्व्हरच्या लेखी मात्र सेशन एकच. एकाच टपालपेटीत चार बिऱ्हाडांची पत्रं पडावीत, तसं कुणाचं उत्तर कोण उचलेल याचा भरवसा राहत नाही. कनेक्शन एसएसएलचं असेल तर ‘डिक्रिप्शन फेल्ड ऑर बॅड रेकॉर्ड मॅक’ असा एरर तरी येतो. मला धास्ती वाटते ती मुकाट चुकीची: जूनच्या रकान्यात मे महिन्याचं टनेज, आणि लॉगमध्ये काही नाही. त्या टनेजवर ट्रकवाल्यांचं भाडं निघतं हो!

दुसरा धोका प्रोसेस संपताना. एका चाइल्डने काम आटोपून कनेक्शन बंद केलं की सर्व्हरला निरोपाचा संदेश जातो, सेशन मिटतं, आणि पालकाला ‘सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली’ दिसतं. पर्लमध्ये तर ऑब्जेक्ट नष्ट होतानाच हे घडतं; त्यासाठी डीबीआयमध्ये ‘ऑटोइनॅक्टिव्हडिस्ट्रॉय’ आहे. तरी प्रत्येक चाइल्डने स्वतःचं कनेक्शन स्वतः उघडावं आणि स्वतः मिटवावं, हेच मी सांगेन. एसक्यूलाइटलाही हाच नियम.

एवढं केल्यावरही बेरीज जुळेलच असं नाही. चार कनेक्शन म्हणजे चार ट्रान्झॅक्शन, प्रत्येकाला डेटा वेगळ्या क्षणाचा दिसतो, आणि काट्यावर नोंदी तर चालूच असतात. पोस्टग्रेसमध्ये ९.२ पासून यावर इलाज आहे. पालकाने ‘रिपीटेबल रीड’मध्ये ट्रान्झॅक्शन सुरू करून ‘पीजी_एक्स्पोर्ट_स्नॅपशॉट’ने स्नॅपशॉटची खूण घ्यायची, आणि प्रत्येक चाइल्डने तशाच ट्रान्झॅक्शनमध्ये पहिल्या क्वेरीआधी ‘सेट ट्रान्झॅक्शन स्नॅपशॉट’ करायचं. सगळ्यांनी स्नॅपशॉट घेईपर्यंत पालकाने ट्रान्झॅक्शन मिटवायचं नाही. पीजी_डंपचा समांतर बॅकअप याच वाटेने जातो.

चाइल्ड किती काढायच्या? पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, मायएसक्यूएलची १५१. पण त्याच्या कितीतरी आधी डिस्क आणि कोअर थकतात. शिवाय पोस्टग्रेस ९.६ पासून मोठी क्वेरी स्वतःच वाटून चालवू शकतं, तेव्हा आधी ‘एक्सप्लेन’ बघा.

आणि प्रत्येक चाइल्डला वेगळं ‘ॲप्लिकेशन_नेम’ द्या. प्रोग्राम चालू असताना ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ उघडलं की जितक्या चाइल्ड तितक्या ओळी, वेगवेगळ्या पीआयडीसह, दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर त्या अहवालावर कुणाचं बिल काढू देऊ नका.