डबा मोठा, हात सैल

प्रश्न : आम्ही घरात चार माणसं. पूर्वी तेलाच्या लिटर-लिटरच्या पिशव्या यायच्या. आता स्वस्त पडतं म्हणून पाच लिटरचा कॅन आणतो. खाणारी तोंडं तीच, स्वयंपाकही तोच. पण पाच पिशव्या जितके दिवस पुरायच्या, तितके दिवस कॅन काही पुरत नाही. सासूबाई म्हणतात, ‘कॅनला बरकत नाही.’ यात काही तथ्य आहे, की हा मनाचा खेळ? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त दोष कॅनचा नाही, हाताचा आहे.

आधी हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसभराच्या थाळीत, 2000 किलोकॅलरींच्या आहाराला, तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. चार माणसांचे महिन्याचे झाले साधारण सव्वातीन किलो. लिटरभर तेलाचं वजन सुमारे 910 ग्रॅम भरतं, म्हणजे महिन्याला साडेतीन लिटर. या मापाने पाच लिटरचा कॅन सहा आठवडे चालायला हवा. तुमचा महिन्याच्या आतच तळ गाठत असेल, तर जास्तीचं तेल पोटात तरी जातंय किंवा मोरीत तरी.

असं का होतं? पहिलं कारण ओट्यावरच दिसतं. पिशवीचा कोपरा जरासा कापतो, तेल बारीक धारेने कावळ्यात उतरतं, पिशवी पिळून शेवटचा थेंबही काढतो. कॅनचं तोंड मोठं. घाईत तो थेट कढईवर कलंडला की पळीभर तेलाचं दीड पळी कधी झालं ते कळत नाही. शिवाय जेवताना कुणी तक्रार करत नाही. उलट तर्री छान आली म्हणून कौतुकच होतं.

दुसरं कारण, संपत आल्याची जाणीव. पिशवीत चार बोटं तेल उरलं की आपण आपोआप जपून वापरतो. पुऱ्यांचा बेत पुढे ढकलून पोळ्यांवर भागवतो. लिटरच्या पिशवीत ही वेळ पाच लिटरमध्ये पाचदा येते, कॅनमध्ये एकदाच. व्हॅलरी फोक्स, इन्ग्रिड मार्टिन आणि कमल गुप्ता या संशोधकांनी 1993मध्ये हेच दाखवून दिलं. साठा भरपूर असताना माणूस एका वेळी जास्त घेतो आणि तळ दिसू लागला की कमी.

तिसरं कारण पैशाचं. पिशवी आणताना दर खेपेला खिशात हात जातो. कॅनचे पैसे एकदाच मोजले जातात, आणि आठवड्याभरात तेच तेल फुकटचं वाटू लागतं.

साठ्याने प्रत्येक वस्तूचा वापर सारखाच वाढतो असं मात्र नाही. कुसुम ऐलावडी आणि स्कॉट नेस्लिन यांनी 1998मध्ये अमेरिकी घरांतल्या दही आणि केचपच्या खरेदीचा अभ्यास केला. सवलतीमुळे घरात साठा वाढला की दही भराभर संपायचं. केचपचा वेग त्यामानाने फारसा बदलत नसे. आपल्याकडेही मिठाचा पुडा दुप्पट आणला म्हणून आमटी कुणी दुप्पट खारट करत नाही. चूक पहिल्याच घासाला कळते. हळद-हिंगाचंही तेच. फरसाण, बिस्किटं, थंड पेयं यांना असा पहारेकरी नाही. समोर दिसली की भूक नसतानाही हात जातो. तेल या दोहोंच्या मध्ये बसतं, म्हणून त्याची उधळपट्टी लवकर ध्यानात येत नाही.

एक खबरदारी. या विषयावर कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॅन्सिंक यांचे प्रयोग अजूनही सर्रास सांगितले जातात. त्यांचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले आणि 2018मध्ये त्यांनी राजीनामा दिला. म्हणून वरच्या विवेचनात त्यांचा आधार घेतलेला नाही.

प्रश्न : मग पूर्वी वर्षाचं धान्य भरून ठेवत, तेव्हा नासाडी का होत नव्हती? – एक वाचक, बारामती

उत्तर : होत होती, पण ती उंदरांची आणि टोक्यांची. म्हणून तर गव्हाला एरंडेल चोळायचं, कडुलिंबाचा पाला घालायचा. माणसांकडून होणारी नासाडी कमी होती, कारण साठा आणि वापर यांच्यामध्ये कुलूप होतं. कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्या एकाच बाईच्या कमरेला. ती रोज मापट्याने मोजून दाणे काढून देणार आणि स्वयंपाकघरात तेवढंच येणार. कणगी भरलेली असली तरी चुलीपाशी टंचाईच असे. सुनांना त्याचा जाच होई हेही खरं. तो काळ काही सगळाच गोड नव्हता. पण मोजून काढायची रीत पक्की होती. आता साठा आणि वापर एकाच फडताळात आले. माप गेलं, आणि असेल त्या दिवशी दिवाळी, नसेल त्या दिवशी शिमगा, असा कारभार झाला.

त्याचा परिणाम जगभर दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालानुसार 2022मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 60 टक्के हॉटेलांत किंवा दुकानांत नव्हे, तर घराघरांत. भारतीय घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला 55 किलोंचा आहे. त्यात साली-देठंही धरली आहेत, पण फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेली वाटीही आहे.

प्रश्न : आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ताजं पाणी आलं की लोक भरलेली पिंपं ओतून देतात. टंचाईतही ही उधळपट्टी कशी? – एक वाचक

उत्तर : कारण टंचाईच साठा करायला लावते. पुढचं पाणी नक्की कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लागतं त्याहून जास्त भरलं जातं. मग नळ आला की उरलेलं पाणी ‘शिळं’ ठरतं आणि गटारात जातं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने याचं उत्तर वेगळ्या वाटेने शोधलं. चोवीस तास पाणी दिलं, पण प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि जास्त वापराला चढा दर लावला. पाणी कधीही मिळतं म्हटल्यावर पिंपं भरायची गरज उरली नाही, आणि मोजलं जातं म्हटल्यावर वापरही आटोक्यात आला.

म्हणजे साठा करू नये असा निष्कर्ष काढू नका. घाऊक घेतलेला माल स्वस्त पडतो, तो जरूर घ्या. फक्त तेलाचा कॅन ओट्यावर ठेवू नका. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवा, आठवड्याचं तेल मापाने कावळ्यात काढा आणि पुढच्या आठवड्यापर्यंत कॅनला हात लावू नका. नवा कॅन फोडताना त्यावर तारीख लिहा. पिशव्यांशी तुलना करणार असाल, तर पिशवीवरचं वजनही वाचा. हल्ली 910 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या पिशव्याही तशाच दिसतात. आणि एवढं करूनही कॅन वेळेआधी संपला, तर मुकाट्याने पिशव्यांकडे वळा. लिटरमागे वाचलेले चार पैसे जास्तीच्या तेलात गेले, तर ती बचत नव्हे.