मधमाशीची ओळख : छायाचित्र मागच्या पंखाचे हवे
रायपूर परिसरात मोहरी, जवस फुलल्यावर सातेरी आणि मेलिफेरा या मधमाश्या एकाच शेतात आढळू शकतात. निव्वळ रंगावरून निवाडा करणे धोक्याचे. दोहोंच्या पेट्यांतील चौकटींचे माप व अंतर निराळे असते.

खात्रीची खूण मागच्या पंखात आहे. सातेरीत ‘एम’ ही शीर आडव्या शिरेच्या पुढेही थोडी वाढलेली दिसते. युरोपियन मेलिफेरात सहसा ती तेथेच संपते. फुलावर बसलेल्या माशीचा हा पंख पुढच्या पंखाखाली झाकलेला असल्याने शेतातील छायाचित्र, कितीही सुबक असले तरी, अपुरे पडते. मृत माशीचा पंख काचपट्टीवर पसरून, खालून प्रकाश देऊन, मिलिमीटर पट्टीसह मॅक्रो भिंगाने टिपावा. आग्या व फुलोरीसाठी एवढा खटाटोप नको. त्यांच्या उघड्यावरील एकेरी पोळ्याचे छायाचित्र पुरते.